रेसचा टी-शर्ट असा बनवा की लोक तो नंतरही घालतील

तुमच्या गावात दहा किलोमीटरची किंवा हाफ मॅरेथॉन भरवताय, तारीख ठरलीय, परवानग्या झाल्यात, नोंदणी सुरू झालीय, मग आता टी-शर्टचं बघा. मेडल एकदा गळ्यात घालून फोटो काढला की खिळ्याला लटकतं, पण टी-शर्ट नीट असेल तर माणूस तो वर्षभर सकाळच्या रनला घालतो, भाजी आणायला जाताना घालतो. धुतल्यावर परत अंगावर चढतो तो चांगला टी-शर्ट, माझ्या लेखी दुसरी कसोटी नाही. ब्रँडिंगची संधी वगैरे जे सल्ले ऐकायला मिळतात ते बाजूला ठेवा.

कापड पॉलिएस्टरचं घ्या, बारीक जाळीच्या विणीचं, 140 ते 160 जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). कॉटन पळायला नको म्हणजे नकोच, घाम पिऊन जड होतं आणि एकवीस किलोमीटरमध्ये छाती सोलवटून काढतं. व्हेंडर म्हणेल "ड्रायफिट आहे", तर सॅम्पलवर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब लगेच पसरला तर ठीक, मोत्यासारखा वर बसून राहिला तर ते कापड घामही तसाच अंगावर ठेवणार.

छपाईला फिक्या रंगाच्या पॉलिएस्टरवर सब्लिमेशन (उष्णतेने केलेली छपाई) सगळ्यात बरं, शाई धाग्यात मुरते, वर रबरासारखा थर राहत नाही, हवा खेळते. गडद लाल कापडावर पांढरी अक्षरं हवी असतील तर छपाईवाल्याला लो-ब्लीड शाई आहे का ते आधीच विचारा, नाहीतर गरम करताना कापडाचा लाल रंग शाईत चढतो आणि पांढरं ते गुलाबी होतं.

डिझाइन करणारा बऱ्याचदा स्वतः पळत नाही, त्यामुळे त्याला सांगावं लागतं की पुढे बिब, म्हणजे धावणाऱ्याच्या नंबरचा कागद, लागणार आहे. पोटावर आणि छातीच्या खालच्या भागात काही छापलंत तर फोटोत ते दिसणारच नाही. नाव वर घ्या, अंतर आणि साल टाका, आणि तुमच्या रस्त्याची काहीतरी खूण टाका. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट आहे, तसं तुमच्याकडे धरण असेल, किल्ला असेल, जुना पूल असेल. स्पॉन्सर मागच्या बाजूला, सगळे एकाच रंगात. सोळा लोगो सोळा रंगांत छापलेला टी-शर्ट कोणी परत घालत नाही, आणि ही गोष्ट स्पॉन्सरला पैसे घेतानाच सांगून टाकायची. "फिनिशर" हा शब्द हवा असेल तर टी-शर्ट रेस संपल्यावर द्या. मुंबई मॅरेथॉनला फुल मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यालाच फिनिशर टी-शर्ट मिळतो म्हणून तर त्याला मान आहे, आदल्या दिवशी गुडी बॅगेत सगळ्यांना वाटला तर त्या शब्दाला काय किंमत राहिली.

आता साइज. इथे मी सुरुवातीला फार झगडलेय, आणि अजूनही कोणी म्हणालं ना की "मोठे साइज जास्त मागवा, मोठा कोणालाही होतो", तर माझं डोकं फिरतं. मोठा कोणालाही होत नाही! खांद्यावरून घसरणारा, काखेत चुण्या पडणारा ओला टी-शर्ट घालून दोन तास पळून बघा, काखेत आणि मानेला काय चटके बसतात ते कळेल.

मूळ घोळ असा की एल म्हणजे किती हे प्रत्येक व्हेंडरचं वेगळं असतं. एकाचा एल 40, दुसऱ्याचा 42, शिवाय एक जण शरीराचं माप सांगतो आणि दुसरा कापडाचं. म्हणून चार्टवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक साइजचा एकेक सॅम्पल हातात घ्या, टेबलावर सपाट पसरा, काखेच्या शिवणीच्या एक इंच खाली टेप आडवी धरा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. 20 इंच भरलं तर तो टी-शर्ट 40 चा. पळायला छातीपेक्षा दोन ते चार इंच मोकळा हवा, म्हणजे हा 36 ते जास्तीत जास्त अडतीसच्या छातीला. उंचीही मोजा, हात वर केल्यावर पोट उघडं पडता कामा नये.

मग हेच आकडे नोंदणीच्या फॉर्ममध्ये टाका. नुसतं एस, एम, एल विचारलं की लोक सवयीने टिक करतात, कोणी पाच वर्षांपूर्वीचा स्वतःचा साइज लिहितं, कोणी नवऱ्याचा फॉर्म भरताना अंदाजाने. फॉर्ममध्ये सरळ लिहा, "तुम्हाला नीट बसणारा घरातला टी-शर्ट पसरून आडवा मोजा आणि खालच्या आकड्याशी जुळवा". त्याशिवाय सॅम्पलचा अख्खा सेट रविवारी सकाळी तुमच्या रनिंग ग्रुपमध्ये घेऊन जा, लोकांना घालून बघू दे. या एका कामाने निम्मी भांडणं मिटतात.

दुसऱ्या गावच्या रेसचं साइजचं प्रमाण उचलून वापरू नका. तुमच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं जास्त येत असतील तर एस आणि एम लागतील, चाळिशीपुढचे डॉक्टर, वकील, बँकवाले जास्त असतील तर एल आणि एक्सएल. आणि बायकांसाठी वेगळा कट घ्याच, खांदा अरुंद, बाही आखूड, एक्सएस पासून सुरू होणारा. "युनिसेक्स" म्हणून जो देतात तो पुरुषांचाच टी-शर्ट असतो, आमच्यातल्या कित्येक जणी तो घरी नेऊन मुलाला देतात. लहान मुलांच्या तीन किलोमीटरच्या रनला 26, 28, 30, 32 असे नंबरचे साइज मागवा, मोठ्यांचा एस चालवून घेऊ नका.

ज्या दिवशी ऑर्डर जाणार त्याच दिवशी फॉर्ममधला साइजचा पर्याय बंद करायचा, त्यानंतर येणाऱ्याला स्पष्ट लिहायचं की साइज शिल्लक असेल तो मिळेल, मग तो ओळखीचा असो की नगरसेवकाचा भाचा. जास्तीचे मागवताना शंभराला पाच-सहा पुरे, आणि ते तुमच्याकडे सगळ्यात जास्त खपणाऱ्या दोन साइजमध्येच. माल तामिळनाडूतल्या तिरुपूरहून येणार असेल तर वाहतुकीचे दिवस धरा आणि वाटपाच्या आधी किमान चार दिवस हातात ठेवा, कारण गठ्ठे आले की प्रत्येक साइजमधले चार-पाच काढून परत टेपने मोजायचेत. लेबल एलचं आणि कापड एमचं हा प्रकार सर्रास होतो, आणि तो वाटपाच्या टेबलावर कळला तर काहीच करता येत नाही.

बिब वाटताना ज्याने जो मागितलाय तोच साइज द्या, बदलून देऊ नका. एकाला बदलून दिला की शेवटी येणाऱ्या माणसाला त्याने मागितलेला मिळत नाही. बदलीचं टेबल रेस संपल्यावर लावा, कोरा, न घातलेला टी-शर्ट आणला तरच बदलायचा. त्यातूनही उरले तर पाण्याच्या स्टॉलवर पहाटेपासून उभ्या असलेल्या पोरांना आधी विचारा, मग कमिटीवाल्यांना.