डब्यातली सुशी: आधी भात बघा

सुपरमार्केटची सुशी, म्हणजे आंबटगोड भातासोबत मासा किंवा भाजी असा जपानी पदार्थ, जेवणाला घ्यायची म्हटलं की आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला: कच्चा मासा बाधणार नाही ना? मी वेंगुर्ल्याची, कल्ले उचलून बघितल्याशिवाय बांगडा न घेणाऱ्या घरातली, त्यामुळे प्रश्न मला पटतो. पण इथे इंग्लंडात, लीड्समध्ये ऑफिसखालच्या दुकानातून डबे आणून खाताना माझं मत असं झालंय की त्यातला मासा क्वचित दगा देतो, भात मात्र हमखास देतो.

माशाचं आधी उरकून टाकू. इथल्या नियमाप्रमाणे कच्चा खायचा मासा आधी उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवावा लागतो, म्हणजे त्यात कृमी असले तरी मरतात. मत्स्यशेतीतल्या सॅमनचं खाद्य कृमीमुक्त असेल तर त्याला यातून सूट मिळते. गंमत म्हणजे जपानी लोकही पूर्वी सॅमन कच्चा खात नसत. १९८०च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला मत्स्यशेतीतला सॅमन तिकडे खपवायला नेला, तेव्हापासून तो सुशीवर चढला. (हे वाचून घरी सुरमई कच्ची कापायला बसू नका.) गरोदर असाल तर ‘कोल्ड स्मोक्ड’ (न शिजवता नुसता धुरावलेल्या) सॅमनचा डबा सोडून द्या. लिस्टेरिया जंतूच्या भीतीने एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवाही हेच सांगते.

आता भात. शिजलेला भात फ्रिजमध्ये गेला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. रात्रीचा भात सकाळी मोकळा आणि टणक लागतो तो यामुळेच, आणि म्हणून आपण त्याला फोडणी देतो. सुशीच्या भाताला फोडणी देता येत नाही. त्यात साखर असते, ती हे घट्ट होणं थोडं लांबवते; व्हिनेगर असतं, ते भात आंबट करून जंतूंची वाढ रोखतं. पण दुकानाचा फ्रिज कायद्याने ८ अंशांच्या आत ठेवावा लागतो, आणि तेवढी थंडी भाताला पुरते. कालचा डबा उघडलात तर दाणे दाताखाली खडीसारखे लागतात.

म्हणून डबा उचलताना झाकणावरचा सुंदर फोटो बघू नका, डबा तिरपा करून भात बघा. दाणे एकमेकांना धरून, किंचित चमकदार हवेत. कडेचे दाणे पांढरेफट्ट आणि सुटे दिसले तर ठेवून द्या. मग ‘यूज बाय’ तारीख. ही बेस्ट बिफोरसारखी नुसती चवीची तारीख नाही. ती उलटून गेल्यावर माल विकणं इथे बेकायदा आहे. आजची तारीख असलेला डबा आज दुपारी खायला चालतो, पण माझा हात मागच्या रांगेत जातो, कारण उद्याची तारीख बहुधा तिथे दडलेली असते. संध्याकाळी पिवळं स्टिकर लावून स्वस्त केलेला डबा उद्याच्या जेवणासाठी घेऊ नका. त्याच रात्री खाणार असाल तर खुशाल घ्या.

ऑफिसात आल्यावर डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि जेवायच्या वीसेक मिनिटं आधी टेबलावर काढा. एवढंच करा, पण कराच. भाताची थंडी मोडते, आंबटगोड चव जिभेला कळायला लागते. मायक्रोवेव्हचा मोह नको: मासा कडेने शिजतो, नोरीचं (रोलभोवतीच्या समुद्री शेवाळाच्या कागदाचं) चामडं होतं आणि शेजारच्या टेबलावरचे लोक तुमच्याकडे बघतात.

पहिल्यांदा घेणाऱ्याने सॅमनपासून सुरुवात करायची गरज नाही. काकडीचा छोटा रोल घ्या, किंवा उकडलेल्या कोळंबीची निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर ठेवलेली कोळंबी. इनारी म्हणजे गोडसर तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात; आपल्या जिभेला लगेच रुचतो आणि फ्रिजमध्येही त्यातल्या त्यात मऊ राहतो. चिकन कात्सूचा (ब्रेडचा चुरा लावून तळलेल्या चिकनचा) रोल लोक ‘सुरक्षित’ म्हणून घेतात. मला तो नुसता थंड कटलेट वाटतो.

शाकाहारी असाल, किंवा गुरुवार पाळत असाल, तर भाजी दिसते म्हणून भरवसा ठेवू नका. इनारीचा टोफू परंपरेने माशाच्या ‘दाशी’ पाण्यात शिजवतात, रोलमध्ये मेयोनीज असू शकतं, आणि क्रॅब स्टिक हा तर पांढऱ्या माशाचा लगदाच असतो. व्हेगनची खूण शोधा. ॲलर्जीचे घटक ठळक छापलेले असतात; दुकानातच भरून ठेवलेल्या डब्यांवरही ऑक्टोबर २०२१पासून पूर्ण यादी छापावी लागते.

खायला चॉपस्टिक जमत नसतील तर सरळ हात वापरा. निगिरी जपानमध्येही हाताने खातात. सोया सॉस तुकड्यावर ओतू नका, भात तो शोषून घेतो आणि मग नुसतं मीठ लागतं. झाकणात थोडा काढून माशाची बाजू टेकवा. काही डब्यांत सोया सॉस माशाच्या आकाराच्या चिमुकल्या बाटलीत येतो. साउथ ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२५पासून त्या बाटल्यांवर बंदीच घातली. पाकिटातला वसाबी, म्हणजे ती हिरवी झणझणीत चटणी, बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग असतो. तो मिरचीसारखा जिभेवर नाही, नाकात जातो, म्हणून मसुराच्या दाण्याएवढाच घ्या. आल्याच्या गुलाबी चकत्या दोन वेगळ्या तुकड्यांच्या मध्ये तोंड साफ करायला. हिरवं प्लॅस्टिकचं गवत शोभेचं.

आणि पोट भरेल का? मील डीलमध्ये (दुकानातल्या ठरावीक किमतीच्या जेवणाच्या जोडीत) बसणाऱ्या छोट्या डब्याने माझं तरी भरत नाही, चार वाजता बिस्किटांचा डबा शोधावा लागतो. पाकिटातलं मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं) ड्रॉवरमध्ये ठेवा, गरम पाणी ओतलं की झालं. थंड भातासोबत काहीतरी वाफाळतं लागतंच. मिसोतही बरेचदा दाशी असते, तेव्हा गुरुवारवाल्यांनी पाकीट उलटून बघा. नाहीतर घरून उकडलेलं अंडं किंवा काकडीची कोशिंबीर आणा. दाण्याचं कूट असलेली चालते, पण लसूण नको, वसाबीशी भांडतो.