फिटनंतरचे शांत दोन दिवस : घरच्यांनी या चुका टाळा

लागोपाठ तीन-चार फिट येऊन गेल्या. पेशंट झोपला, उठला, जेवला, नीट बोललाही. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि सगळे गाफील होतात. मला सर्वांत घातक वाटते ती हीच चूक. अपस्माराच्या काही रुग्णांना, विशेषतः ज्यांच्या फिट मेंदूच्या टेम्पोरल भागातून उठतात त्यांना, अशा मालिकेनंतर काही तासांपासून आठवडाभरात कधीही सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं, होऊ शकतो. मधला काळ अगदी स्वच्छ जातो. त्यामुळे रविवारच्या फिटचा आणि बुधवारी ‘माझ्या जेवणात विष कालवलंय’ म्हणण्याचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. झोप उडणं ही बहुधा पहिली खूण. मग संशय, कुणी नसताना कानात बोलण्याचे आवाज, देवाने आपल्याला खास कामासाठी निवडल्याची खात्री. त्यावर वाद घालू नका. पटणार नाही, चिडणं मात्र वाढेल.

अंगात आलं, बाहेरची बाधा झाली म्हणून भगताकडे नेण्यात नेमके उपचाराचे दिवस जातात. भूत उतरवायला बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

‘गोळ्यांनीच डोकं फिरलं’ म्हणून फिटची औषधं घरीच बंद करू नका. शंका अगदीच चुकीची नाही. लेव्हेटिरासिटाम, टोपिरामेट यांनी काहींना असा त्रास होतो. म्हणून नवी गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, हे डॉक्टरांना सांगा. बदल ते करतील. अचानक बंद केल्यास न थांबणारी फिट येऊन जीवावर बेतू शकतं.

मनोविकारतज्ज्ञांपासून फिटचा आजार लपवू नका. स्थळं बघायची असली तरी नाही! क्लोझापिन, ब्युप्रोपिऑन या मनोविकाराच्या औषधांनी फिटचा धोका वाढतो, तर कार्बामाझेपिन या फिटच्या गोळीमुळे रिस्पेरिडोनसारख्या मनोविकाराच्या औषधाचा रक्तातला अंश घटतो. दोन्ही डॉक्टरांसाठी फाइल एकच ठेवा.

पेशंट गोंधळलेला, अर्धवट भानावर असेल तर आतल्या आत फिट चालूच असू शकते. ते ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीत कळतं, तेव्हा घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. मरणाची भाषा, अंगावर धावणं सुरू झालं तर एकटं सोडू नका, 108 ला फोन करा. मानसिक त्रासाबद्दल सल्ल्यासाठी टेली-मानस 14416 आहे.

एकदा असं झालं की पुन्हा होण्याची शक्यता असते. बरं वाटत असतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा : पुढच्या वेळी फिटनंतर झोप उडाली, तर कोणती गोळी, किती आणि किती दिवस द्यायची.