शाळेचा व्हॉट्सअप ग्रुप चालवताना या चुका टाळा

जून महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत आली आणि मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाली, "सर, हे काय आलंय बघा की." मीच ग्रुपवर टाकलेलं शिष्यवृत्तीचं परिपत्रक होतं ते. तीन पानी पीडीएफ, सगळी कन्नडमध्ये. तिनं ती उघडलीही नव्हती, डाउनलोडचा बाण तसाच होता. चूक माझी होती.

कर्नाटकातल्या आपल्या मराठी शाळांत हीच चूक सगळ्यात जास्त होते. बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसातून परिपत्रक आलं की आपण ते जसंच्या तसं पुढं पाठवतो. आपल्याला कन्नड वाचता येतं, पोरंही शाळेत शिकतात. पण खानापूर-बेळगावकडच्या कितीतरी घरांची सोयरीक महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजशी. तिकडून आलेल्या सुनेनं कन्नड शिकायचं कधी? आणि पोराचा अभ्यास, कागदपत्रं बघते तीच.

म्हणून आधी मराठीत चार ओळी लिहा, पीडीएफ त्याखाली जोडा. उदाहरणार्थ : "एसएसपी (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल) शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. आधार कार्ड आणि जात-उत्पन्न दाखल्याचा आरडी नंबर आणा. दाखला नसेल तर नाडकचेरीत अर्ज करा. बँक खात्याला आधार जोडलेलं हवं. शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांना भेटा." नाडकचेरी (दाखले देणारं सरकारी ऑफिस), आरडी नंबर (दाखल्यावरचा क्रमांक) हे शब्द बदलू नका, खिडकीवर तिला तेच बोलावे लागणार आहेत. सोबत अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेजही टाका. घरात आजी एकटी असली तरी तिला ऐकून कळेल.

एवढं करूनही निरोप पोचत नसेल तर रजिस्टरातले नंबर तपासा. बाप गोव्यात नाहीतर पुण्यात कामाला, नंबर त्याचा. संध्याकाळी त्याचा फोन येईपर्यंत घरी कुणालाच पत्ता नसतो. प्रत्येक मुलामागं घरात राहणाऱ्या माणसाचा एक नंबर घ्याच. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांवर जिथं रेंजच मिळत नाही, तिथं मुलाच्या वहीत लिहिलेली चिठ्ठी आजही जास्त भरवशाची आहे. ती बंद करू नका.

ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवणारी यादी) वापरत असाल तर आणखी एक पाहा. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही. पहिल्या पालकसभेतच सगळ्यांकडून नंबर सेव्ह करून घ्या.

पावसाळ्यात वेगळीच धांदल असते. जुलैत दोन दिवस झड लागली की रात्री ग्रुपवर सुट्टीचे आदेश फिरायला लागतात. कधी गेल्या वर्षीचा, कधी कोल्हापूर जिल्ह्याचा, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीतली पोरं सकाळी घरी बसतात. पुढं पाठवण्याआधी तारीख, जिल्हा आणि तालुका वाचा. सुट्टी नसेल तर "उद्या शाळा आहे" हेही स्पष्ट लिहा, नाहीतर प्रत्येक पालक वेगवेगळा फोन करत बसतो.

गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि राजकारण यांत सूचना बुडत असतील तर सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्याचा हक्क फक्त अॅडमिनला ठेवा. पालकांच्या प्रश्नांसाठी मात्र एक नंबर आणि ठरलेली वेळ द्या. नुसतं तोंड बंद केलं तर लोक ग्रुप बघायचंच सोडतात.

मुलांचे मार्क आणि फी थकल्याची यादी ग्रुपवर कधीही टाकू नका. मी एका पोराला त्यापायी आठवडाभर शाळा बुडवताना पाहिलंय. फोटोंचंही तसंच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येकजण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. जूनमध्ये लेखी संमती घेऊन ठेवा. फेसबुकवर टाकायचा असेल तर स्नेहसंमेलनाचा समूहफोटो पुरे, नावं नकोत.

आणि ग्रुप एकट्या हेडमास्तरांच्या खासगी नंबरावर ठेवू नका. बदली झाली की नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून उभं करावं लागतं. दुसरे एक शिक्षक आणि एसडीएमसीचे (शाळेच्या विकास व देखरेख समितीचे) अध्यक्ष, दोघांनाही आजच अॅडमिन करा.