विवाहोत्तर करार: एका कागदाऐवजी कोणते कागद करावेत

लग्नानंतर काही वर्षांनी घर होते, कर्ज होते, दोघांपैकी एकजण धंद्यात उतरतो किंवा कोणाच्या तरी आईवडिलांकडची मालमत्ता हाती येते, आणि मग विवाहोत्तर कराराची, म्हणजे पोस्टनपची, चौकशी सुरू होते. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर सगळे एकदाच लिहून नोटरी करून टाकावे, अशी बहुतेकांची कल्पना असते. महाराष्ट्रात अशा कागदासाठी स्वतंत्र कायदा नाही. तो १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कसोटीवर तपासला जातो, आणि तेथे त्याची बाजू बहुधा लंगडी पडते. म्हणून त्या करारात जे जे लिहायचे होते ते सुटे करावे आणि प्रत्येक हेतूसाठी कायद्याने ज्याला बळ दिले आहे तो कागद करावा. पुढील मांडणी मुख्यतः हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असलेल्या दांपत्यांसाठी आहे.

पहिली पायरी यादीची. गोव्यासारखे अपवाद वगळता भारतात लग्नामुळे कोणाचीही मालमत्ता आपोआप दोघांची होत नाही. ज्याच्या नावावर ती त्याची, असाच सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे लग्नापूर्वीच्या ठेवी, वारशाने आलेली जमीन, लग्नानंतरची खरेदी आणि दोघांची कर्जे तारखांसह एका कागदावर उतरवून दोघांनी सह्या कराव्यात. स्त्रीधनाची यादी वेगळी असावी: दागिन्याचे वर्णन, वजन, पावती किंवा छायाचित्र, आणि तो कोणी दिला याची नोंद. स्त्रीधन ही पतीपत्नींची सामायिक मालमत्ता नसून केवळ पत्नीची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितले. पण वाद हक्काचा क्वचितच असतो. पाटल्या नेमक्या किती तोळ्यांच्या होत्या आणि त्या कोणाच्या लॉकरमध्ये होत्या, यावर तो अडतो.

दुसरी पायरी घराची आहे आणि तिला सर्वांत जास्त वेळ द्यावा. अनेक घरांत एकाच्या पगारातून कर्जाचा हप्ता जातो आणि दुसऱ्याच्या पगारातून किराणा, मुलांच्या शाळेचे शुल्क आणि सासूबाईंची औषधे. संसाराच्या हिशेबात दोन्ही सारखेच. मालकीच्या हिशेबात मात्र हप्त्याची नोंद बँकेत राहते आणि किराण्याची कोठेच राहत नाही. म्हणून खरेदीखतात दोघांची नावे घालावीत आणि हिस्सा टक्क्यांत लिहावा. हिस्सा लिहिला नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ नुसार ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात तो धरला जातो, आणि पुरावाच नसेल तर समान मानला जातो. घरखर्च चालवणाऱ्या जोडीदाराने हप्त्याचा काही भाग तरी स्वतःच्या खात्यातून भरावा. मालक नसताना केवळ सहकर्जदार म्हणून सही करणे सर्वांत घातक, कारण त्यात कर्जाची जबाबदारी पूर्ण येते आणि भिंतीची एक वीटही नावावर होत नाही. केवळ स्त्रीच्या नावाने निवासी घर घेतल्यास महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पतीचे नाव जोडले की ती मिळत नाही. एवढ्या सवलतीसाठी पतीचा हिस्सा सोडायचा का, हे दोघांनी आधी बोलून ठरवावे.

एकाच्या नावावरचे घर किंवा त्याचा हिस्सा दुसऱ्याला द्यायचा असेल, तर बक्षीसपत्र करावे. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावेच लागते. नोटरीचा शिक्का कितीही ठसठशीत असला तरी त्याने घर हस्तांतरित होत नाही. निवासी घर जोडीदाराला बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, मात्र स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो, त्याची चौकशी करावी. एकदा स्वीकारलेले बक्षीस मन बदलले म्हणून परत घेता येत नाही, तेव्हा सही करण्यापूर्वी पुरेसा विचार करावा. करही लक्षात ठेवावा. पतीने पत्नीला १० लाख रुपये दिले, तर त्या देणगीवर कर नाही. पण त्या रकमेच्या ठेवीचे व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. ते व्याज पुन्हा गुंतवल्यावर त्यावर मिळणारे व्याज मात्र पत्नीचे.

धंद्याच्या कर्जापासून संसार वाचवायचा असेल, तर उपाय कर्ज थकण्यापूर्वी करावा लागतो. सावकारांना चुकवण्यासाठी घर पत्नीच्या नावावर केले असे दिसले, तर त्यांच्या मागणीवरून ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. जोडीदाराच्या धंद्याला जामीन म्हणून सही न करण्याचा पूर्ण हक्क आहे, हेही घरात मोकळेपणाने बोलले जावे. विवाहित पुरुषाला आणखी एक जुना पण दुर्लक्षित मार्ग आहे: विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा, १८७४ याच्या कलम ६ खाली स्वतःच्या आयुष्यावर पत्नी व मुलांच्या हितासाठी विमा घेणे. अशा विम्याची रक्कम विश्वस्त निधी मानली जाते आणि पतीच्या धनकोंना सहसा तिला हात लावता येत नाही. हा पर्याय विमा घेतानाच अर्जात निवडावा लागतो.

यानंतर मृत्युपत्र. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका प्रकरणातील स्त्रीचे लग्न १९५५ मध्ये झाले आणि तीन महिन्यांत पती वारला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. ती माहेरी राहून शिकली, नोकरीला लागली, आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. तिच्या स्वकष्टाची शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी माहेरच्यांना न मिळता पतीच्या बहिणीच्या मुलांना मिळाला, कारण अपत्य आणि पती नसलेल्या हिंदू स्त्रीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे पतीच्या वारसांचा हक्क आधी येतो. दोन साक्षीदारांसमोर सही केलेल्या साध्या मृत्युपत्राने हे टळले असते. त्याची नोंदणीही सक्तीची नाही. पुरुषांचाही एक गैरसमज असतो. मृत्युपत्र नसेल तर सर्व काही पत्नीला मिळत नाही. पत्नी, प्रत्येक मूल आणि हयात असलेली आई यांना समान वाटा मिळतो.

नॉमिनेशन मृत्युपत्राची जागा घेत नाही. शेअर्सचा नामनिर्देशित मनुष्य वारसांना डावलून मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये म्हटले. कुटुंब नसताना भविष्य निर्वाह निधीसाठी केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर अवैध ठरते, हे तर नोकरी करणाऱ्या अनेकांच्या गावीही नसते.

हे सर्व झाल्यावर उरलेल्या गोष्टींसाठी करार लिहावा. न्यायालय त्याकडे कसे पाहते, हे दोन जुन्या खटल्यांतून कळते. १८७४ च्या खटल्यात एका मुस्लिम पतीने आपली कमाई पत्नीला देण्याचा नोंदणीकृत करार केला होता. तो प्रेमापोटी केलेला म्हणून टिकला. १९०० मध्ये मात्र कलकत्त्यात भांडणांचा उल्लेख करून केलेला तसाच नोंदणीकृत करार मोबदल्याअभावी आणि प्रेमाअभावी निष्फळ ठरला. तेव्हा करारात प्रत्येकाने काय द्यायचे आणि बदल्यात काय मिळायचे ते लिहावे, दोघांनी संपूर्ण मालमत्ता व कर्जे उघड करावीत, आणि वकील वेगवेगळे घ्यावेत. पोटगी सोडल्याची अट घालू नये. २०१३ च्या एका प्रकरणात ८,००० रुपये एकरकमी घेऊन तडजोड केलेल्या पत्नीचा पोटगीचा पुढचा दावा सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. मुलांचा ताबा आधीच ठरवणारे कलमही न्यायालयावर बंधनकारक नसते.

गोव्याच्या विवाह कायद्याखालील दांपत्यांचे गणितच निराळे आहे. तेथे करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामायिक होते, आणि वेगळी व्यवस्था हवी असल्यास ती लग्नापूर्वीच करावी लागते. लग्नानंतर ती बदलता येत नाही. परदेशात स्थायिक झालेल्यांनी तेथील वकिलाचा सल्ला घ्यावा, पण भारतातील घर आणि शेतीसाठी मृत्युपत्र येथे वेगळे करून ठेवावे, आणि एका मृत्युपत्राने दुसरे रद्द होत नाही ना, हे दोन्हीकडच्या वकिलांकडून तपासून घ्यावे.