मेंदूच्या कॅन्सरचा खर्च : मदतीचे अर्ज कोणत्या क्रमाने करावेत

एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली की बहुतेक घरांत ऑपरेशनची तारीख लगेच ठरते. डिपॉझिटसाठी एफडी मोडली जाते, दागिने गहाण पडतात. मदतीची चौकशी सुरू होते ती बिल हातात पडल्यावर, आणि तिथेच घोडं पेंड खातं. आपल्याकडची बहुतेक मोठी मदत रुग्णाच्या हातात येत नाही, ती थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. भरून झालेल्या बिलाचे पैसे या निधींतून परत मिळत नाहीत. म्हणून ऑपरेशन तातडीचे नसेल तर भरतीच्या आधीचे दोन-चार दिवस कागदांसाठी काढा. तातडीचे असेल तर रुग्णाजवळ एक जण आणि कागदांमागे एक जण, अशी वाटणी करा.

खर्च किती काळ चालणार ते विचारा

ऑपरेशन ही सुरुवात असते. ग्लायोब्लास्टोमासारख्या, म्हणजे मेंदूतल्या वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरच्या गाठीत त्यानंतर साधारण सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, आणि त्या काळात रोज टेमोझोलोमाइड या कॅन्सरवरच्या औषधाच्या कॅप्सूल असतात. मग दर 28 दिवसांतले 5 दिवस त्याच कॅप्सूल, सहसा सहा वेळा. मध्येमध्ये एमआरआय, फिट येऊ नये म्हणून गोळ्या, शिवाय येण्या-जाण्याचा खर्च. सगळी पुंजी ऑपरेशनलाच संपवली तर पुढचे औषध अडते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा : ‘पूर्ण उपचाराचा अंदाज लेटरहेडवर मिळेल का?’ त्यावर आजाराचे नाव, उपचाराचा प्रकार, रक्कम, डॉक्टरांची सही, रजिस्ट्रेशन नंबर आणि रुग्णालयाचा शिक्का हवा. पुढचा जवळजवळ प्रत्येक अर्ज या एका कागदावर उभा असतो.

रुग्णाची सही चालते आहे तोवर

हा मुद्दा इतर कॅन्सरमध्ये इतका तातडीचा नसतो. मेंदूच्या गाठीत बोलणे अडखळू शकते, उजवा हात लुळा पडू शकतो, एटीएमचा पिन आठवेनासा होतो. पीएफचा दावा रुग्णाच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीशिवाय पुढे सरकत नाही आणि फोनचा पासवर्ड एकट्या रुग्णालाच ठाऊक, असेही होते. तेव्हा शक्यतो ऑपरेशनच्या आधी बँक खाते संयुक्त करा, वारस नोंद तपासा, विम्याची पॉलिसी कुठे ठेवली आहे ते विचारून घ्या. मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे ना, तेही पाहा. घरात हा विषय काढणे जड जाते, अपशकुन वाटतो. तरी काढा.

कागदांची एकच फाइल

आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, एमआरआय आणि बायोप्सीचे रिपोर्ट, वरचे अंदाजपत्रक, रुग्णाचे फोटो. सगळ्यांच्या झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन. नावाचे स्पेलिंग आत्ताच जुळवून पाहा. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव इंग्रजीत आधारवर एका तऱ्हेने, रेशनकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने आणि केसपेपरवर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते, आणि पोर्टलवर अर्ज तेवढ्यावरून अडकतो. केसपेपर काढतानाच आधार पुढे करून ‘यावर आहे तसंच लिहा’ म्हणून सांगावे. उत्पन्नाचा दाखला सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून निघतो. त्याला दिवस लागतात, म्हणून तो सगळ्यांत आधी टाका.

पहिला दरवाजा : महात्मा फुले योजना

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, आणि 2024 च्या विस्तारानंतर पिवळ्या व केशरीबरोबर पांढरे रेशनकार्डही चालते. ‘आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला कुठलं मिळतंय’ म्हणून चौकशीच न करणारे अजून बरेच आहेत. घरात सत्तरी ओलांडलेला रुग्ण असेल तर उत्पन्नाची अट नसलेले आयुष्मान वय वंदना कार्डही काढता येते.

रुग्णालय योजनेत असले तरी प्रत्येक विभाग योजनेत असेलच असे नाही. न्यूरोसर्जरी आहे पण रेडिएशन नाही, हे शक्य आहे. त्यामुळे 155388 वर फोन करून दोन्ही विचारा. रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा टेबल असतो, भरती होताच त्याला गाठा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी यावी लागते. रात्री-अपरात्री आणीबाणी असेल तर फोनवरून मंजुरीची सोय आहे, ती आरोग्यमित्रच करतो. मंजूर पॅकेजमधल्या उपचारासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि त्याच नंबरवर तक्रार नोंदवा.

रुग्णालय निवडताना

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये नाव नोंदवतानाच जनरल की प्रायव्हेट हे ठरते. लवकर नंबर लागेल म्हणून प्रायव्हेट फाइल काढण्याचा मोह होतो. पण सवलतीचे दर आणि समाजसेवा विभागातून मिळणारे आर्थिक साहाय्य हे मुख्यतः जनरल रुग्णांसाठी आहे. माझे मत विचाराल तर, पुढचे वर्षभराचे औषध परवडेल याची खात्री नसेल तर जनरलच घ्यावे.

खासगी पण धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांचा रस्ता फार थोडे लोक वापरतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी ती आपल्या बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतात. नावाजलेली मोठी रुग्णालयेही यात आहेत. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटून या योजनेखालीच भरती करायची आहे असे लेखी द्या. ‘खाट रिकामी नाही’ हे उत्तर आले तर तेही लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या रुग्णालयाच्या खाटांची स्थिती पाहा. लेखी मागितले की बऱ्याचदा खाट निघते.

मग मुख्यमंत्री आणि पंतप्रधान निधी

मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या वैद्यकीय कक्षात अर्ज घेतल्यावर आधी पाहतात ते हे, की हा उपचार वरच्या योजनांत बसतो का. म्हणून क्रम महत्त्वाचा. वार्षिक उत्पन्न 1 लाख 60 हजारांच्या आत असल्याचा दाखला, अंदाजपत्रक (खासगी रुग्णालयाचे असेल तर सिव्हिल सर्जनकडून प्रमाणित केलेले), रिपोर्ट आणि भरती रुग्णाचा जिओटॅग फोटो (ज्यावर ठिकाणाची नोंद असते असा) लागतो. अर्ज रुग्ण दाखल असतानाच करायचा, डिस्चार्जनंतर नाही. त्यासाठी मंत्रालयात खेटे घालायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातही कक्ष आहेत आणि अर्ज ऑनलाइन जातो. मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका.

पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधीला स्वतंत्र अर्ज करता येतो. रुग्णालय सरकारी किंवा त्या निधीच्या यादीतले हवे. खासदारांचे शिफारसपत्र जोडण्याची पद्धत आहे.

एवढ्याने भागत नसेल तर ट्रस्ट. सिद्धिविनायक मंदिर न्यास, टाटा ट्रस्ट, ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया, लहान मूल असेल तर कॅनकिड्स. इथे एका ट्रस्टकडून पूर्ण रक्कम मिळण्याची आशा धरू नये, थोडी-थोडी चार ठिकाणांहून जमते. प्रत्येक अर्जात दुसरीकडे किती मंजूर झाले ते खरे लिहा, कारण समाजसेवक रुग्णालयात विचारून खात्री करून घेतात. क्राउडफंडिंग, म्हणजे ऑनलाइन लोकवर्गणी करणार असाल तर कमिशन किती कापले जाते ते आधी वाचा, आणि आधार नंबर दिसेल असा रिपोर्ट टाकू नका.

स्वतःचे, पण विसरलेले पैसे

आरोग्य विमा असेल तर खोलीच्या भाड्याची मर्यादा तपासा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर काही पॉलिसींत नुसते भाडेच नाही, डॉक्टरांची फी आणि इतर बाबीही त्या प्रमाणात कापतात. क्रिटिकल इलनेस पॉलिसी वेगळी असते, ती ठरलेली रक्कम एकदम देते. दावा नाकारला तर कारण लेखी घ्या, विमा लोकपालाकडे तक्रार करायला शुल्क लागत नाही.

ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असलेल्या कामगाराला, सेवेची आणि हप्त्यांची अट पुरी होत असेल, तर कॅन्सरसाठी वाढीव आजारपण लाभ मिळतो : पगाराच्या 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. पीएफमधून उपचारासाठी आगाऊ रक्कम काढता येते. जुन्या करपद्धतीत रिटर्न भरणाऱ्याला कॅन्सरच्या उपचारखर्चावर 40 हजारांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर 1 लाखापर्यंत वजावट आहे. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचे पत्र जपून ठेवा.

महिन्याचा खर्च

टेमोझोलोमाइडच्या ब्रँडनुसार किमतीत मोठा फरक पडतो. डॉक्टरांना जेनेरिक चालेल का विचारा, मग रुग्णालयाच्या औषध दुकानात, अमृत फार्मसीत (सवलतीत औषधे देणारे सरकारी दुकान) आणि बाहेर, तिन्हीकडचा भाव काढून घ्या.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचे तिकीट पूर्ण माफ असते, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. रुग्णालयातून ठरलेला फॉर्म भरून घ्यावा लागतो. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड्स आहे, तिथे राहणे मोफत. जागेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवकाची चिठ्ठी लागते, ती गावाहून निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.

घरातला कमावता माणूसच आजारी असेल आणि उत्पन्न अगदी तुटपुंजे असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा, त्यात कॅन्सरग्रस्तांचा समावेश आहे. ऑपरेशननंतर अंगाची एक बाजू गेली असेल किंवा नजर कमी झाली असेल, तर जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचे ओळखपत्र) काढून घ्या.