बेडकाच्या नर प्रजननाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

बेडकाच्या वृषणावरच्या प्रयोगांचे निकाल जुळत नाहीत, तेव्हा दोष बहुधा रसायनांचा नसतो. बेडकाला छोटा उंदीर समजून प्रयोग आखलेला असतो. संप्रेरकांची साखळी दोघांत सारखीच आहे: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक, त्यामुळे पियूषिका ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके, पुढे वृषणातल्या लायडिग पेशींतून टेस्टोस्टेरॉन. पण ती चालते कशी, यात मोठा फरक आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक ऋतूची. नमुना कोणत्या महिन्यातला, हे वहीत नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. राना टेंपोरारिया या बेडकात शुक्रजनन (शुक्राणू तयार होणे) वर्षातल्या ठरावीक काळातच होते. राना एस्क्युलेंटा या जातीत ते थंडीत मंदावते, पण ऊब मिळाली की पुन्हा सुरू होऊ शकते. झेनोपस या बेडकात ते वर्षभर चालू असते. म्हणून एका जातीचा निष्कर्ष दुसरीला लावू नका.

याचाच पुढचा धागा जनुकांच्या मोजणीत येतो. बेडकाच्या वृषणातल्या शुक्रनलिकेत सिस्ट असतात, म्हणजे सर्टोली या आधार देणाऱ्या पेशींनी वेढलेले शुक्रजनक पेशींचे गट. एका सिस्टच्या आतल्या सगळ्या पेशी एकाच टप्प्यावर असतात, शेजारची सिस्ट मात्र वेगळ्या टप्प्यावर असू शकते. ऋतूनुसार या सिस्टचे प्रमाण बदलते. अख्खे वृषण कुटून आरएनए काढला आणि एखादे जनुक वसंतात दुप्पट दिसले, तर ते जास्त सक्रिय झाले की ते वापरणाऱ्या पेशीच वाढल्या, हे कळणार नाही. त्याच वृषणाचा एक तुकडा छेदांसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पातळ चकत्यांसाठी) राखून ठेवा आणि सिस्ट मोजा. ही मेहनत टाळू नये असे माझे ठाम मत आहे.

प्रथिनांचेही तसेच. इस्ट्रॅडिओलला 'मादीचे संप्रेरक' म्हणून बाजूला ठेवू नका. राना एस्क्युलेंटाच्या नरात ते शुक्रजनक पेशींच्या विभाजनाला चालना देते आणि त्या मार्गात ईआरके व फॉस ही प्रथिने येतात. इथे फॉस किती आहे यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व आहे: विश्रांतीच्या काळात ते पेशीद्रवात असते, विभाजनाच्या वेळी केंद्रकात जाते. नुसत्या वेस्टर्न ब्लॉटवर (पेशी फोडून प्रथिन किती आहे ते दाखवणाऱ्या चाचणीवर) हे कळत नाही.

संप्रेरके मोजताना किट नीट निवडा. टेस्टोस्टेरॉनचा रेणू बेडकात आणि माणसात एकच आहे, त्यामुळे पडताळणी करून तेच किट चालते. एलएच आणि एफएसएच ही प्रथिने आहेत, त्यांची रचना जातीनुसार बदलते. मानवी एलएचच्या किटवर बेडकाचा आकडा 'शून्य' आला तर बेडकात एलएच नाही असे समजू नका. रक्तही पकडल्याबरोबर घ्या. पकडल्याच्या आणि कोंडल्याच्या ताणाने कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक चढते, अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी नर संप्रेरके) उतरतात आणि मग आपण बेडकाचा ताणच मोजत बसतो.

शुक्राणू मिळवण्यासाठी एचसीजी (गर्भवतीच्या मूत्रात सापडणारे, एलएचसारखे काम करणारे संप्रेरक) टोचणे ही जुनी पद्धत. कार्लोस गॅली मायनिनी यांनी 1947 मध्ये गर्भनिदानासाठी नर भेक (टोड) वापरला तो याच तत्त्वावर. पण राना गटातल्या अनेक जाती एचसीजीला नीट दाद देत नाहीत. तिथे मात्रा वाढवत न बसता जीएनआरएचचे कृत्रिम रूप वापरून पाहा. डोपामिन पियूषिकेला अडवत असेल, तर सोबत मेटोक्लोप्रामाइड हे डोपामिन रोखणारे औषध देतात. बेडकात शुक्राणू मूत्रपिंडातून मूत्रवाहिनीत उतरतात, म्हणून ते मूत्रात शोधायचे.

वृषण रिंगर द्रावणात (शरीरद्रवासारख्या क्षारांच्या पाण्यात) कुस्करले आणि सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू निश्चल दिसले, तर ते मेले असे लिहू नका. अशा समतानी, म्हणजे शरीरद्रवाइतक्याच क्षारांच्या, द्रावणात ते थांबूनच राहतात. थेंबात पाणी मिसळून द्रावण पातळ करा, लगेच पाहा आणि किती वेळाने पाहिले तेही नोंदवा, कारण हालचाल एकदा सुरू झाली की फार काळ टिकत नाही.