मूल सांभाळत घरून कमवायचंय? मग आधी वेळ मोजा, काम नंतर शोधा

घरी राहून मुलं सांभाळणाऱ्या आईने किंवा बाबाने "घरून करता येईल असं काही काम आहे का" विचारलं की लगेच कामांची लांबच्या लांब यादी समोर येते, डेटा एंट्री, ट्यूशन, यूट्यूब, भाषांतर, हस्तकला, आणि ती यादी वाचून बहुतेकांचं काहीच सुरू होत नाही. मीही तशा याद्या वर्षभर वाचत बसले होते. माझं गाडं अडलं होतं ते वेळेपाशी. दिवसात दोन तास मोकळे असले तरी ते सलग कुठे मिळतात, वीस मिनिटं इथे, चाळीस तिथे, आणि त्यातलं कुठलं कधी संपेल याचा नेम नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. सात दिवस एक वही जवळ ठेवा आणि जेव्हा जेव्हा हात मोकळे होतील तेव्हा किती वाजता मोकळे झाले आणि किती वाजता परत अडकले एवढंच लिहा. बाकी काही नाही. आठवड्याने त्या वेळेचे तीन भाग करा. एक, मूल जागं आहे पण खेळात रमलंय, म्हणजे तुमचा अर्धा कान तिकडे. दोन, मूल झोपलंय, म्हणजे शांतता आहे पण भरवसा नाही. तीन, मूल शाळेत आहे किंवा जोडीदार, आजी-आजोबा, कोणीतरी दुसरं बघतंय, हा खरा भरवशाचा वेळ. मला वाटत होतं माझ्याकडे रोजचे चार तास आहेत. वहीत निघाले एक तास पन्नास मिनिटं, आणि भरवशाचे तर आख्ख्या आठवड्यात मिळून चारच तास. वाईट वाटलं खरं, पण त्या आकड्यानेच पुढचं सगळं सोपं केलं, कारण कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही हे कळलं.

आता काम त्या वेळेला जुळवायचं. ऑनलाइन शिकवणी, फोनवरचा कस्टमर सपोर्ट, मीटिंगवाली कुठलीही नोकरी, ही कामं फक्त तिसऱ्या प्रकारच्या वेळेत बसतात. पाच वाजता विद्यार्थी स्क्रीनवर आला की तुम्हाला तिथे असावंच लागतं. भरवशाचे तास असतील तर शिकवणी खूप चांगली, पैसे ठरलेले, विद्यार्थी टिकतात, एकाकडून दुसरा येतो. नसतील तर तिच्या नादी लागू नका, दोन वेळा क्लास रद्द झाला की पालक तिसऱ्यांदा थांबत नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

झोपेच्या वेळेत बसतात ती कामं म्हणजे प्रूफरीडिंग, भाषांतर, लेखन, हिशेब ठेवणं, डिझाइन, सबटायटल, ट्रान्सक्रिप्शन म्हणजे ऑडिओ ऐकून तो लिहून काढणं. इथे डेडलाइन असते पण घड्याळाला बांधलेलं नसतं, रात्री करा की पहाटे, कोणी विचारत नाही. आणि मूल जागं असतानाच्या वेळेत डोकं न लागणारी कामं टाका, पॅकिंग, फोटो काढणं, मेसेजना उत्तरं, बिल पाठवणं. शिवणकाम, विणकाम करणाऱ्यांना इथे फायदा आहे, सुई खाली ठेवता येते आणि परत उचलताही येते. फक्त मशीन, कात्री, इस्त्री मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि ती कामं मूल झोपल्यावरच करा.

ट्रान्सक्रिप्शनबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण नवीन माणूस बहुतेक वेळा तिथेच फसतो. ऑडिओ एक तासाचा असला म्हणजे काम एक तासाचं नसतं. आवाज स्पष्ट असेल तरी सरावलेल्या माणसाला साधारण चार तास लागतात, नवख्याला सहा किंवा जास्त. मला पहिल्या मुलाखतीला साडेसहा तास लागले होते, दोन माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलत होती आणि मागे पंखा घरघरत होता. त्यात 22 व्या मिनिटाला माझी मुलगी उठली, मी वाक्य अर्धं सोडून पळाले, आणि रात्री परत बसल्यावर कुठे होते तेच सापडेना, दहा मिनिटं त्यातच गेली. तेव्हापासून एक सवय लावून घेतली. उठायच्या आधी फाइलमध्ये तीन चौकटी चिन्हं आणि वेळ टाकायची, म्हणजे ### 22:14 असं. परत आल्यावर ### सर्च करायचं की थेट तिथेच. कुठलंही काम करा, हे करा. लेख लिहीत असाल तर अर्ध्या वाक्यापुढे "आता इथे अमुक सांगायचंय" एवढं खरडून उठा. तुटक वेळेत काम करणाऱ्याला ही खूण म्हणजे निम्मं भांडवल आहे.

आणि हेही सांगायला हवं की आता सॉफ्टवेअर कच्चं ट्रान्सक्रिप्ट आपोआप काढून देतं, त्यामुळे नुसत्या टायपिंगला आणि डेटा एंट्रीला मागणी कमी होत चालली आहे आणि भाव तर पडलेलाच आहे. पैसे आहेत ते चुका सुधारण्यात, नावं नीट लिहिण्यात, सबटायटल वाचता येतील असे तोडण्यात. इंग्रजी सबटायटलला एका ओळीत साधारण 42 अक्षरं आणि एका वेळी दोनच ओळी असा दंडक बऱ्याच ठिकाणी असतो, असे नियम शिकून घेतलेला माणूस लगेच वेगळा दिसतो. दोन भाषा चांगल्या येत असतील तर तेच तुमचं हत्यार समजा.

यूट्यूब, स्वतःचं ई-बुक, डिझाइन विकणं ही कामं करावीत का? करा, पण पुढच्या महिन्याच्या पैशांसाठी नको. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर लागतातच, आणि त्यासोबत 12 महिन्यांत 4000 तासांचा वॉच टाइम किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. ते होईपर्यंत फुकट काम. शिवाय मुलांना कॅमेऱ्यासमोर आणण्याआधी शंभरदा विचार करा, मोठी झाल्यावर ते व्हिडिओ त्यांना आवडतील का हे आज त्यांना विचारताही येत नाही.

अगदी लगेच थोडे पैसे हवे असतील तर घरातच बघा. मुलांना न बसणारे कपडे, सायकल, पाळणा, पुस्तकं. फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा, मापं लिहा, आणि डाग किंवा तुटलेला भाग असेल तर त्याचाही जवळून फोटो टाका, त्याने विक्री कमी होत नाही, उलट घासाघीस कमी होते. यातून विकायचा सराव होतो आणि हेडफोनसारखी पहिली खरेदी त्याच पैशातून निघते.

आता भाव. इथे मी स्वतःचं बरंच नुकसान करून घेतलंय. समजा एका कामाचे 1000 मिळणार आणि हातात 5 तासांचं काम, म्हणजे तासाला 200, छान वाटतं. पण काम फाइव्हरसारख्या क्लायंट गाठून देणाऱ्या वेबसाइटवरून आलं असेल तर त्यांचा कट जातो, फाइव्हरवर विकणाऱ्याकडून 20 टक्के कापले जातात, राहिले 800. क्लायंटशी बोलण्यात, फाइली पाठवण्यात, बदल करून देण्यात अजून 3 तास गेले, एकूण 8. म्हणजे तासाला 100. अर्ध्यावर आलं. त्या तासांत मूल सांभाळायला कोणाला पैसे देत असाल तर तेही वजा करा. म्हणून पहिल्या तीन कामांचा सगळा वेळ लिहून ठेवा, मेसेजचा वेळ धरून, आणि चौथ्या कामाचा भाव त्यावरून सांगा. बदल किती वेळा करून देणार हेही आधीच सांगा, दोनदा पुरे, पुढचे बदल वेगळ्या पैशात.

पहिलं काम बहुतेक ओळखीतूनच येतं. पण "मी घरून काम शोधतेय, काही असेल तर सांगा" असा मेसेज कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यापेक्षा असं लिहा: "मी इंग्रजी ते मराठी भाषांतर करते, पाच पानांपर्यंतचं काम तीन दिवसांत देते, सोबत नमुना जोडलाय." वाचणाऱ्याला लगेच आठवतं की अरे, अमक्याला हे हवं होतं. आधी कोणाचं काम केलेलं नसलं तरी नमुने स्वतः तयार करता येतात, एखादा लेख भाषांतरित करा, खोट्या आकड्यांची हिशेबाची शीट बनवा, आणि नमुना आहे असं स्पष्ट लिहा.

पैसे आधी थोडे घ्या. एकाने माझ्याकडून चाळीस पानांचं काम पूर्ण करून घेतलं आणि मग फोन उचलणंच बंद केलं, तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या माझ्या. आता नवीन क्लायंटकडून निम्मे आधी, किंवा काम तुकड्यांत, एका तुकड्याचे पैसे आले की दुसरा सुरू.

आणि घरी असलेल्या माणसाला गाठणारे ठग भरपूर आहेत, त्यांना आपली गरज माहीत असते. रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट, ट्रेनिंग किटचे पैसे मागितले की विषय संपला, कामाचे पैसे तुमच्याकडे यायचे असतात, तुमच्याकडून जायचे नसतात. व्हिडिओ लाइक करा आणि पैसे मिळवा म्हणणारे सुरुवातीला थोडे पैसे खरंच देतात, भरवसा बसला की मोठी रक्कम भरायला लावतात आणि गायब होतात. कोणी म्हणालं तुमच्या खात्यात पैसे येतील ते पुढे पाठवा, कमिशन ठेवा, तर तो चोरीचा पैसा असू शकतो आणि पोलीस तुमच्या दारात येतील. आधी माल विकत घ्या, मग माणसं जोडा, हे तर ओळखीची माणसंच सांगतात, तिथे नाही म्हणणं जड जातं, तरी म्हणा.

कमाईचं खातं वेगळं ठेवलंत तर बरं, किती आले किती गेले हे लगेच दिसतं आणि टॅक्सच्या वेळी शोधाशोध होत नाही. नियम जिथले तिथे वेगळे असतात, पण तारीख, नाव, रक्कम एवढं पहिल्या दिवसापासून लिहा, रक्कम कितीही छोटी असो.

शेवटची गोष्ट डेडलाइनची. काम दोन दिवसांचं वाटलं तर चार सांगा, कारण मूल आजारी पडतंच आणि ते नेमकं त्याच आठवड्यात पडतं. तरी उशीर होणार असं दिसलं तर त्या दिवसाची वाट बघू नका, आदल्या दिवशीच कळवा. मी एक मेसेज फोनमध्ये तयार ठेवलाय, तो तसाच घ्या हवं तर: "घरी मूल आजारी आहे. पहिली बारा पानं तयार आहेत, ती आत्ता पाठवते. उरलेली गुरुवारी संध्याकाळपर्यंत देते. चालेल का?"